संकेतस्थळाची वाट सर्वांना मोकळी हवी

पाणंदीत दगड पडले, काटेरी झुडपे वाढली, म्हणजे शेत आपल्या नावावर असूनही गाडी बांधापर्यंत जात नाही. धडधाकट माणूस डोक्यावर ओझे घेऊन कसाबसा पलीकडे जातो. वृद्ध व अपंग मात्र अलीकडेच थांबतात. शासकीय संकेतस्थळे ही आज शेतकऱ्याची अशीच पाणंद झाली आहेत. सातबारा उतारा, अनुदानाचा अर्ज, पीक पाहणी, मदतीच्या याद्या, बाजारभाव ह्या सर्वांकडे जाणारी वाट तेथूनच जाते. ही वाट सर्वांना चालता येते काय, हा प्रश्न म्हणूनच शेतीचाही प्रश्न आहे.

कळंब तालुक्यातील सोयाबीन, तूर, हरभरा व ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला 6,000 रुपये 2,000 रुपयांच्या तीन हप्त्यांत त्याच्या खात्यावर जमा होतात. परंतु त्यासाठी ई-केवायसी पूर्ण असावी लागते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद त्याने मोबाईलवर स्वतः करावयाची असते. सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील खरीप पाण्याखाली गेला, तेव्हा नुकसानीच्या मदतीसाठी अशाच नोंदींकडे शेतकऱ्यांचे डोळे लागले होते. ज्याला पडद्यावरील अक्षर दिसत नाही, त्याने काय करावे?

अशा व्यक्तींची संख्या लहान नाही. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती होत्या व त्यांपैकी सुमारे 69 टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रातील संख्या 29 लाखांहून अधिक होती. ह्यांखेरीज मोतीबिंदू झालेले, हात थरथरणारे, ऐकू कमी येणारे वृद्ध तर प्रत्येक घरी आहेत.

अडथळे कोठे असतात?

पहिला अडथळा अक्षरांचा व रंगांचा. पांढऱ्या पृष्ठावर फिकट करड्या रंगाची बारीक अक्षरे कचेरीत कशीबशी वाचता येतात. भर दुपारी शेतात ती तरुणालाही दिसत नाहीत. अक्षर व पार्श्वभूमी ह्यांच्या उजळपणात निदान 4.5 ास 1 एवढे प्रमाण असावे, व अक्षर दुप्पट मोठे केले तरी मजकूर तुटू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम सांगतात.

दुसरा अडथळा चित्ररूप मजकुराचा. अंध व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली वापरतात. संगणकासाठी 2006 साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली एनव्हीडीए ही आज्ञावली विनामूल्य मिळते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. परंतु परिपत्रकाचा केवळ फोटो काढून तो संकेतस्थळावर चढविला, तर त्यात यंत्राच्या दृष्टीने एकही अक्षर नसते. जुन्या मराठी टंकांचीही हीच गत आहे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असल्याने डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्र निरर्थक अक्षरे उच्चारते. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेला मजकूर मात्र वाचता येतो, ऐकता येतो व शोधताही येतो.

तिसरा अडथळा वेळेचा व कोड्यांचा. वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, अशी अट घातली व ती ऐकण्याची सोय ठेवली नाही, तर अंध व्यक्तीला दार तेथेच बंद होते. ओटीपीची मुदत इतकी थोडी असते की, चष्मा शोधून एकेक अंक दाबणाऱ्या वृद्धाची ती अर्ध्यावर संपते.

चौथा अडथळा हाताचा. जन्मभर विळा व खुरपे चालविलेल्या बोटांच्या रेषा झिजतात व अंगठा यंत्रावर उमटत नाही. म्हणून ओळख पटविण्याचा एकच मार्ग ठेवणे योग्य नव्हे. किसान सन्मान निधीच्या ई-केवायसीसाठी ओटीपी, बोटांचे ठसे व चेहरा असे तीन मार्ग आहेत, ही गोष्ट प्रत्येक लाभार्थ्याला ठाऊक असली पाहिजे.

पाचवा अडथळा भाषेचा. कळंब नावाचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले. जुन्या यादीत ते उस्मानाबाद म्हणून सापडते. इंग्रजी लिपीत कळंबचे स्पेलिंगही सर्वत्र एकच नसते. सुशिक्षित माणूस चार ठिकाणी शोधून पाहतो. कानाने यादी ऐकणारा मात्र गोंधळतो. याद्या मराठीत असाव्यात व नावे एकाच रीतीने लिहावीत, एवढी साधी गोष्ट पुष्कळ त्रास वाचविते.

हा उपकार नव्हे, हक्क आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. माहिती व संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत, ही जबाबदारी त्याने शासनावर टाकली आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने 2009 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची तिसरी आवृत्ती 2023 साली आली. महाराष्ट्रात 2022 च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या बाबतीत महत्त्वाचा निर्णय दिला. आम्लहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून ह्यांना बँक खाते उघडण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखविण्यास सांगितले गेले. त्यांना ते शक्य नव्हते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले व ई-केवायसी सर्वांना करता यावी म्हणून 20 निर्देश दिले.

ह्यात प्रश्न केवळ सोयीचा नाही. ज्याला स्वतः पडदा वाचता येत नाही, त्याला आपला मोबाईल, आधार क्रमांक व ओटीपी दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. मदत करणारा प्रामाणिक असला तर ठीक. नसला तर हप्ता गेल्याचेही कळत नाही. वाट मोकळी नसणे म्हणजे आपल्या पैशाची किल्ली दुसऱ्याकडे ठेवणे होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

मोठी संकेतस्थळे मुंबईत व दिल्लीत तयार होतात, हे खरे. तथापि पुष्कळ गोष्टी गावातच करता येतात.

1. गावच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचनेचा नुसता फोटो पाठवू नये. तोच मजकूर युनिकोड मराठीत लिहून पाठवावा व सोबत आवाजातील निरोप द्यावा. अंतिम तारीख व लागणारी कागदपत्रे अगोदर सांगावीत.

2. गावातील अंध, मूकबधिर, अपंग व एकट्या राहणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यांची यादी ठेवावी. पीक पाहणी किंवा ई-केवायसीची मुदत संपण्यापूर्वी त्यांच्या घरी जावे.

3. सेवा केंद्रात पायरीऐवजी उतार, बसण्यास खुर्ची व पडदा अर्जदाराला दिसेल अशी मांडणी असावी. भरलेला अर्ज मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याला ऐकू येत नाही, त्याला लिहून दाखवावा. मगच तो पाठवावा व पोच हातात द्यावी.

4. ओटीपी अर्जदारासमक्षच वापरावा. तो कशासाठी आला आहे हे आधी सांगावे व कोठेही लिहून ठेवू नये.

5. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कशासाठी वापरावा, ह्याचा विचार करताना वाचन-साधनांची गरजही ग्रामसभेपुढे मांडावी.

6. जेथे संकेतस्थळ अडते, तेथे पृष्ठाचे नाव, तारीख व नेमकी अडचण लिहून संबंधित कार्यालयास कळवावी. ‘साइट चालत नाही’ एवढे म्हटल्याने दोष दूर होत नाही.

शेतकरी बंधूंनीही मोबाईलची ओळख करून घ्यावी. सेटिंगमधील अॅक्सेसिबिलिटी ह्या भागात अक्षर मोठे करणे, रंग गडद करणे व टॉकबॅक सुरू करणे ह्या सोयी असतात. टॉकबॅक सुरू असता एकदा स्पर्श केल्यास त्या जागेचे नाव ऐकू येते, दोनदा जलद स्पर्श केल्यास ती उघडते व दोन बोटांनी पान सरकते. घरातील शाळकरी मुलांकडून हे दोन संध्याकाळी शिकता येईल. संकेतस्थळ मुळीच जमत नसेल, तर किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 ह्या निःशुल्क क्रमांकावर शेतीविषयी मराठीत सल्ला मिळतो.

कार्यकर्त्यांसाठी एक सोपी कसोटी आहे. टॉकबॅक सुरू करावे, डोळे मिटावेत व एखाद्या योजनेचा अर्ज भरण्याचा यत्न करावा. आपण ज्या ठिकाणी थांबलो, त्याच ठिकाणी आपल्या गावचा कोणी शेतकरी रोज थांबतो, हे लक्षात येईल. पाणंदीतील दगड सर्वांनी मिळून काढला म्हणजे वाट एकट्या अपंगाची राहत नाही. तिच्यावरून साऱ्या शिवाराच्या गाड्या चालतात.