पडवीतली जुनी राजदूत बांधायला काढताय? पाना उचलण्याआधी आरसी बघा

रत्नागिरी : लांजा, राजापूर, संगमेश्वरकडच्या कितीतरी घरांत पडवीच्या कोपऱ्यात एखादी राजदूत, येझदी नाहीतर जुनी बुलेट गोणपाटाखाली पडून असते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली. आता घरातल्या पोराने मोबाईलवर व्हिडिओ बघून तिची ‘कस्टम’ गाडी करायचं डोक्यात घेतलेलं असतं. इकडची टाकी, तिकडचं हँडल, भंगारातलं इंजिन. हौस चांगलीच आहे, पण पैसे ओतून गाडी उभी राहिली आणि कागद नसले तर ती अंगणातच फिरवायची.

म्हणून आधी चासी नंबर घासून वाचायचा आणि आरसीशी जुळवायचा. जुनी हस्तलिखित पुस्तकं बऱ्याचदा ऑनलाइन दिसत नाहीत. तसं असेल तर आरटीओत ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी करायची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, आणि २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटरसायकलला त्याची फी २,००० रुपये झाली आहे. नुसतं नंबर नसलेलं किंवा नंबर खोडलेलं चासी भंगारातून स्वस्तात मिळालं, तर ते घेऊच नये. ते चोरीचंही असू शकतं.

आता इंजिन. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे बंद गाडीचा पिस्टन सिलेंडरला धरतो. उत्साहात किक मारत सुटू नका. प्लग काढून भोकातून थोडं ऑइल सोडायचं, दोन-तीन दिवस मुरू द्यायचं, मग हाताने हळू फिरवायचं. राजदूत, येझदी टू-स्ट्रोक. त्यांची क्रँकची सीलं कडक होऊन हवा ओढतात, मग मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम. सील सुरुवातीलाच बदलले तर हा मोठा खर्च टळतो. टाकीतला गंज न काढता कार्बोरेटर साफ करणं म्हणजे पुन्हा तेच काम.

सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईचा चोर बाजार आहे. लेथचं काम असेल तर आंबा घाट चढून कोल्हापूरचं उद्यमनगर गाठता येतं.

बदल किती करायचे, इथे बहुतेक पोरं फसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार आरसीवरच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. चासी कापणं, दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं नियमाबाहेर. त्याच जातीचं इंजिन बसवायचं तरी आरटीओची परवानगी लागते. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदलला तरी आरसीवर नोंद हवी.

गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर तिला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. नवीन नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्यासाठी ती मूळ रूपात हवी, आणि रोजच्या वापराला ती चालत नाही. कस्टम करायला कापली की हा मार्ग बंद.

रस्त्यावर काढण्याआधी थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि एचएसआरपी नंबरप्लेट मात्र लागतेच.