वाजवणारा हात आणि ऐकू येणारा आवाज

खोपोलीच्या बाजारपेठेतून विसर्जनाची मिरवणूक निघाली की दोन प्रकारचे संगीत कानावर येते. एका मंडळापुढे बेंजो पार्टी असते. गळ्यात बेंजो अडकवलेला तरुण, हातगाडीवर ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड (याला आपण सरसकट 'कॅसिओ' म्हणतो), सोबत ढोल-ताशा. दुसऱ्या मंडळापुढे ट्रकवर ध्वनिवर्धकांची भिंत आणि तिच्या आड डीजे. आवाज अर्थातच डीजेचा मोठा. पण लोकांच्या नजरा कुठे आहेत हे एकदा पाहा. बेंजोवाल्याच्या बोटांकडे लहान मुले टाचा उंचावून पाहत असतात. डीजेसमोर पुष्कळ जण नाचतात, पण बहुतेकांची त्याच्याकडे पाठ असते.

वीज तर दोन्हीकडे आहे. (वीज या गावाला नवी नाही. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ सालीच मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली.) मग फरक कशामुळे पडतो?

बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. मिरवणुकीतल्या बेंजोला तारांखाली पिकअप बसवलेला असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात त्याच लयीत विद्युतदाब निर्माण होतो आणि तो वर्धकाकडे जातो. रॉक संगीतातल्या इलेक्ट्रिक गिटारचे तत्त्व नेमके हेच. आवाज कितीही मोठा केला तरी त्याचे मूळ बोटाने छेडलेल्या तारेत असते. बोट जोरात फिरले की आवाज वाढतो, तार ओढली की स्वर चढतो, आणि हे प्रेक्षकाला दिसते. रॉक मैफलीत गिटारवादकाची लगबग निव्वळ नाटक वाटली, तरी ती बरीचशी आवाजाच्या कारणाशी बांधलेली असते.

इलेक्ट्रॉनिक वाद्यात हा धागा तुटतो. तिथे आवाज परिपथात तयार होतो किंवा स्मृतीतून उचलला जातो. हाताचे काम बटण दाबण्यापुरते. एकच कळ दाबून बासरी वाजते, तीच दाबून वीस व्हायोलिने वाजतात. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग सिंथेसायझरवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. त्यांच्याजवळच्या यंत्रांना तालाचे आवर्तन एकदा नेमून दिले की हात काढून घेतला तरी ते चालूच राहते. वादक काय करतो आहे हे अशा वेळी दुरून कसे कळावे?

आपला मेंदू मात्र हालचाल आणि आवाज यांची सांगड घालायला सदैव उत्सुक असतो. शुट्झ आणि लिप्स्कोम या संशोधकांनी २००७ साली मरिम्बा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर प्रयोग केला. वादकाने लांबलचक हात फिरवून केलेला आघात ऐकणाऱ्यांना जास्त वेळ टिकल्यासारखा वाटला, आखूड आघात कमी वेळ. प्रत्यक्षात हात कसाही फिरवला तरी आवाज तेवढाच टिकत होता! म्हणजे संगीत काही प्रमाणात आपण डोळ्यांनीही ऐकतो.

म्हणूनच ऑक्टोपॅड मला विशेष वाटतो. रोलँड कंपनीने तो १९८५ साली आणला. रबरी आठ चकत्या, प्रत्येकीखाली संवेदक. काठीचा फटका बसला की संवेदकातून विद्युत स्पंद निघतो. स्पंद जितका उंच तितका आवाज मोठा. आवाज पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक, पण कारण उघड्यावर. शिवाय फटका चुकूही शकतो, आणि चुकू शकते म्हणूनच न चुकण्याला दाद मिळते.

डीजेला कला नसते असे मात्र मी म्हणणार नाही. पुढचा समुदाय कधी थकला, कधी ताल चढवायचा हे चांगला डीजे अचूक ओळखतो. तिथे समोरचा जमाव हेच त्याचे वाद्य असते. जो तयार गाणी नुसती लावून देतो तो हेही करत नाही, आणि त्याची उणीव आवाज वाढवून भरून निघत नाही. कानांना इजा तेवढी होते. तरीही सुपारी पुष्कळदा त्यालाच मिळते आणि चार-पाच पोरांची बेंजो पार्टी घरी बसते. आपल्या स्नेहसंमेलनातही हेच होत नाही का? गाण्याची फीत लावणे सोपे आणि स्वस्त, म्हणून पेटी-तबला वाजवणारी मुले प्रेक्षकांत बसतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका मुलाला सर्वांसमोर बाकावर ताल वाजवण्याचा नुसता अभिनय करू द्या. पडद्यामागे दुसऱ्याने तोच ताल खरोखर वाजवावा. दोघांनी एकच ठेका आधी पाठ करावा. जमले तर वर्गाला पडद्यामागचा मुलगा आठवणारही नाही. मग त्याने हळूहळू मागे पडावे. कोणत्या क्षणी वर्ग हसतो ते टिपा. नंतर मैदानात जा. एकाने थाळी वाजवत दूर जावे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे १५ मीटरवर तो फटक्यानंतर सुमारे ०.०४ सेकंदाने पोहोचतो आणि काही खटकत नाही. ७० मीटरवर ०.२ सेकंद लागतात आणि काठी व आवाज वेगळे होतात. हे अंतर प्रत्येकाला थोडे वेगळे सापडेल. मुलांना ते पावलांनी मोजू द्या.