भाताचा करपा आणि सेंदाईची युक्ती

लेकीकडे सेंदाईला आले की दोन्ही वेळा भातच, आपल्या कोकणासारखा. इथल्या मियागी प्रांतात १९६३ साली ‘सासानिशिकी’ हे चवदार भाताचे वाण निघाले. पण ते करप्याला लवकर बळी पडते. करपा म्हणजे बुरशी. ती वाऱ्याबरोबर शेतभर पसरते. मग १९९० च्या दशकात इथे याच वाणाची भावंडे तयार केली. चव तीच, पण प्रत्येकाची प्रतिकारशक्ती निराळी. त्यांचे बी मिसळून पेरायचे. एका रोपाला धरणारी बुरशी शेजारच्या रोपापाशी अडते. वस्तीत बहुतेकांना लस टोचलेली असली की गोवराची साथ पुढे सरकत नाही ना, तसेच हे. औषध कमी फवारावे लागते आणि जुनी चव ताटात राहते.