जीआरईचं गणित: सोपं वाटतं, मग मार्क जातात कुठे?

आजच्या भागात जीआरईच्या क्वांटबद्दल बोलू. एमएसची तयारी करणाऱ्या इंजिनिअरांचा एक ठरलेला डायलॉग असतो: 'एम-थ्री काढलंय राव, हे तर शाळेचं गणित!' खरंय. कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमितीसुद्धा नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि डेटा, बस. तरीही मार्क जातात.

आधी पेपर बघू. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली. क्वांटचे दोन सेक्शन: पहिल्यात १२ प्रश्न, २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न, २६ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण पावणेदोन मिनिटं. स्कोअर १३० ते १७०. आणि पहिला सेक्शन कसा गेला, त्यावर दुसरा किती अवघड येणार ते ठरतं. त्यामुळे सुरुवातीच्या निष्काळजी चुका महागात पडतात.

आता सापळा बघा. प्रश्न असा: क्ष चा वर्ग १६. रकाना ए मध्ये क्ष, रकाना बी मध्ये ४. मोठं कोण? हात लगेच 'दोन्ही समान' वर जातो. पण क्ष उणे ४ पण असू शकतो ना! म्हणून उत्तर: दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही.

आपण कोड टेस्ट करताना एज केस तपासतो, तसंच इथे करायचं. शून्य, एक, ऋण संख्या, अपूर्णांक आणि एखादी मोठी संख्या टाकून बघा. क्ष शून्यापेक्षा मोठा आहे एवढंच दिलं असेल, तर २ चा वर्ग ४, म्हणजे वाढला. अर्ध्याचा वर्ग पाव, म्हणजे घटला. दोन संख्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली की विषय संपला, पुढे चला.

दुसरी सवय परीक्षांची. जेईई मेन आणि गेटमध्ये निगेटिव्ह मार्किंग असतं, म्हणून आपण प्रश्न सोडायला शिकलो. जीआरईत ते नाही. अडलात तर अंदाजाने उत्तर टाका, प्रश्न मार्क करा आणि वेळ उरला तर त्याच सेक्शनमध्ये परत या. रिकामं काही ठेवू नका.

मराठी माध्यमवाल्यांसाठी खास: गणित येत असतं, पण शब्द अडवतो. इंटिजर म्हणजे पूर्णांक, प्राइम म्हणजे मूळ संख्या, रिमेंडर म्हणजे बाकी. अशी यादी फोनमध्ये ठेवा. सोबत दोन गोष्टी लिहा: शून्य ही सम संख्या आहे आणि एक ही मूळ संख्या नाही.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट, चुकांची वही. नुसतं 'चुकलं' लिहू नका, कारण लिहा: संकल्पना आली नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही? तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्याला धडा परत वाचायचा. दुसऱ्याला नेमकं काय विचारलंय ते आधी रफ कागदावर लिहायचं. तिसऱ्याला घड्याळ लावून सराव. हे न बघता आणखी दोनशे प्रश्न सोडवले, तर त्याच चुका दोनशे वेळा पक्क्या होतील.

परीक्षा परत देता येते, पण मध्ये २१ दिवस जावे लागतात, फी पुन्हा भरावी लागते आणि कॉलेजची डेडलाइन कुणासाठी थांबत नाही. ईटीएसच्या पॉवरप्रेपच्या दोन टेस्ट फुकट आहेत. एक आत्ताच द्या, दुसरी परीक्षेच्या आधीच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. पहिलीतल्या चुकांनी वही सुरू करा. भेटू पुढच्या भागात!