हाताला कळलं, की हातचा कळतो

मैत्रिणींनो, ‘बाकी सगळं येतं हो, पण गणितात मात्र ढ!’ हे वाक्य आपण मुलांच्या देखत किती सहज बोलून जातो! मीही बोलले आहे, आणि त्याची चुटपुट अजून मनात आहे.

घरचं आवरून सकाळचे तीन तास मी एका प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिसरीत एक मुलगी होती. ‘सत्तेचाळीस’ म्हटलं, की ती ७४ लिहायची. ‘एकोणपन्नास’ म्हटलं, की ५९. एकदा चिडून मी तिची वही सगळ्या वर्गाला दाखवली. मुलं हसली. त्यानंतर गणिताचा तास आला, की तिच्या पोटात दुखू लागे.

एक दिवस तिची आई म्हणाली, “बाई, वाण्याकडून सामान आणते, सुटे पैसे बरोबर मोजून आणते. मग इथंच हिचं काय बिनसतं?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुकानात तिच्या हातात नाणी असत. माझ्या तासाला नुसते आकडे!

आणि पाहा, तिची चूक तरी किती शहाणी होती! ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. तिनं ऐकलं तसं लिहिलं. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येतात, म्हणून तिनं पाच मांडले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकानं ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण त्यामागची मुलांची अडचण खरीच होती.

साहित्य घरातलंच

खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडा. दहा-दहा काड्यांना रबर लावून जुड्या करा, काही सुट्या ठेवा. जुड्या मुलानंच बांधायच्या बरं का! दहा मोजून एक जुडी करताना ‘दशक’ म्हणजे काय, ते त्याच्या बोटांना कळतं. कागदावर दोन घरं आखा: डावीकडे जुड्या, उजवीकडे सुट्या. आता ‘सत्तेचाळीस’ म्हणा. चार जुड्या, सात काड्या. मग त्याखाली आकडा लिहू द्या. एकोणपन्नासासाठी पाच जुड्या मांडून एक काडी काढून घ्यायला सांगा. जुडी सोडावीच लागते, आणि नावातली गंमत उलगडते.

हातचा आणि उसना

२८ अधिक १५ करताना सुट्या काड्या तेरा होतात. त्यातल्या दहा बांधून जुड्यांच्या घरात ठेवल्या, की तोच हातचा. झाल्या चार जुड्या, तीन काड्या: ४३.

४२ मधून १७ काढायचे, तर दोन सुट्यांतून सात कशा निघणार? एक जुडी सोडा. आता जुड्या तीन, सुट्या बारा. सात काढल्या, पाच उरल्या. एक जुडी काढली, दोन उरल्या. उत्तर २५. उसना कुठून आला, हे घोकावं लागत नाही, दिसतं.

पाढ्यांसाठी रांगोळीचे ठिपके आहेतच. सहाच्या चार ओळी काढा, सहा चोक चोवीस समोर हजर!

एवढं सांभाळा

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. आधी वस्तू, मग वहीत काड्यांचं चित्र, शेवटी नुसते आकडे. काड्या काढून घेण्याची घाई करू नका. जमू लागलं, की मूल आपणच त्या बाजूला सारतं. बोटांवर मोजलं म्हणून रागावू नका. चिंचोके किंवा मणी वापरलेत, तर धाकट्या भावंडांच्या नाकातोंडात जाणार नाहीत, इकडे लक्ष ठेवा.

यात माझं नवं काहीच नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच मुलांना शिकवलं. मलाच ते उशिरा सुचलं.

त्या मुलीची मी वर्गासमोर माफी मागितली. वर्गाच्या काड्यांचा डबा तिच्याकडे सोपवला. ती काही पहिली आली नाही. अजूनही अधूनमधून चुकते. पण चुकली, की स्वतःच जुडी सोडून पाहते. आणि पोटदुखी? ती डबा हातात आल्यापासून थांबली.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी एकदा खराट्याकडे बघा!