प्रकटीकरणाचा काळ कोणता?

नव्या करारातील अखेरचे पुस्तक म्हणजे योहानाला झालेले प्रकटीकरण. पात्मस बेटावर आपणास दर्शन घडले, असे लेखक सांगतो. साल मात्र सांगत नाही. नीरोच्या मृत्यूच्या सुमारास, म्हणजे इसवी सन ६८-६९ मध्ये, हे पुस्तक लिहिले गेले, की सम्राट दोमितियनच्या अखेरच्या वर्षांत, ९५ च्या सुमारास, हा वाद त्यामुळेच उद्भवला.

पहिल्या पक्षाचा आधार पुस्तकातच आहे. अकराव्या अध्यायात मंदिराचे माप घेण्याची आज्ञा आहे, आणि यरुशलेमचे मंदिर तर रोमी सैन्याने ७० साली जाळले. सतराव्या अध्यायात सात राजांपैकी पाच होऊन गेले व सहावा राज्य करीत आहे, असे म्हटले आहे. ऑगस्टसपासून मोजल्यास पाचवा नीरो आणि सहावा गाल्बा येतो. शिवाय श्वापदाची संख्या ६६६. हिब्रू लिपीत प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य असते. त्या लिपीत ‘नेरोन कैसर’ असे लिहिले की बेरीज ६६६ होते. ‘नेरोन’मधील शेवटचा ‘न’ गाळला की ५० कमी होऊन ६१६ उरतात, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत हाच आकडा आढळतो.

तथापि ग्रंथात कोणाचा उल्लेख आहे यावरून तो केव्हा लिहिला गेला हे ठरत नाही. नीरो परत येणार, ही वदंता त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ टिकून होती. यहेज्केल संदेष्ट्यानेही पहिले मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतरच दर्शनात मंदिराचे मोजमाप पाहिले होते. प्रकटीकरणात रोमला ‘बाबेल’ म्हटले आहे. बाबेलने पहिले मंदिर पाडले होते; रोमने दुसरे पाडल्यावरच हे नाव तिला शोभते. आणि १८० च्या सुमारास लियोंचे बिशप इरेनेयस यांनी हे दर्शन दोमितियनच्या कारकीर्दीअखेरचे म्हटले आहे. आज बहुसंख्य अभ्यासक याच मताचे आहेत.

मग या वादातून आपल्याला काय लाभते? दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे. हे पुस्तक आशिया प्रांतातील सात ख्रिस्तमंडळांना लिहिलेले आहे. त्यांपैकी पर्गममध्ये अंतिपा नावाच्या विश्वासू साक्षीदाराला ठार मारण्यात आले होते. सम्राटाची पूजा करावी की जीव धोक्यात घालावा, हा त्या लोकांपुढील प्रश्न होता. त्यांना धीर देणाऱ्या पत्रातून आजच्या युद्धांच्या तारखा काढणे म्हणजे ते पत्र त्यांच्या हातून हिसकावून घेणे होय. प्रथम ते त्यांचे म्हणून वाचावे. मग त्यातील धीर आपल्याही वाट्याला येतो.