हात वर करण्याचा प्रश्न

२३ ऑगस्ट २०२३ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांचा पहिला जाहीर वादविवाद झाला. व्यासपीठावर आठ जण होते. आघाडीवर असलेले डोनाल्ड ट्रम्प आलेच नव्हते. कार्यक्रमात एका विद्यार्थ्याची चित्रफीत दाखवण्यात आली. आपल्या पक्षाला हवामान बदलाची फिकीर नाही अशी तरुण परंपरानिष्ठ मतदारांना वाटणारी धास्ती तुम्ही कशी दूर करणार, असा त्याचा प्रश्न होता. त्यावर सूत्रसंचालकांनी साधी मागणी केली : मानवी कृतींमुळे हवामान बदलत आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत. फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी तत्काळ हरकत घेतली. आपण काही शाळकरी मुले नाही, त्यापेक्षा चर्चा करू, असे ते म्हणाले. हात मोजले गेलेच नाहीत. विवेक रामस्वामी यांनी हवामानविषयक कार्यक्रम थोतांड ठरवून टाकला. निकी हेली यांनी हवामान बदल खरा असल्याचे मान्य केले. पण खरोखर फरक पाडायचा असेल तर चीन आणि भारताला उत्सर्जन कमी करायला सांगावे लागेल, अशी पुस्ती त्यांनी जोडली. भारतीय वंशाच्या या दोन इच्छुकांपैकी एकाने प्रश्नच नाकारला आणि दुसरीने तो भारताच्या दारात आणून ठेवला.

हात वर करण्याची ही भीती वैज्ञानिक अज्ञानातून आलेली नाही, ती निवडणुकीच्या गणितातून आलेली आहे. भारतात उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत वर्धा, लातूर यांसारख्या मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला होता, पण तो रुजला नाही. अमेरिकेत मात्र पक्षाचा उमेदवार मतदार ठरवतात आणि त्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी पक्षांतील बड्या धेंडांची मक्तेदारी मोडण्यासाठी ही पद्धत आणली. सुधारणांच्या इतिहासात वारंवार दिसते ते इथेही घडले. मूठभरांच्या हातून निघालेला निर्णय दुसऱ्या मूठभरांच्या हाती गेला. अध्यक्षीय निवडणूक नसलेल्या वर्षी प्रायमरीला पाच पात्र मतदारांपैकी जेमतेम एक जण जातो, आणि जो जातो तो बहुधा सर्वांत कडवा असतो. ज्या मतदारसंघात एका पक्षाचा विजय ठरलेलाच असतो, तिथे खरी निवडणूक हीच.

रिपब्लिकन पक्ष पर्यावरणाच्या प्रश्नावर पूर्वीपासून असा नव्हता. पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या कारकीर्दीत स्थापन झाली. आम्लवर्षावाला आळा घालण्यासाठी गंधकाच्या उत्सर्जनावर मर्यादा घालून परवान्यांची खरेदी-विक्री करू देण्याची बाजारस्नेही योजना १९९० मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांनी कायद्यात आणली. १९९२ मध्ये रिओ येथे हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेच्या वतीने सहीही त्यांचीच. जॉन मॅकेन यांनी २००३ मध्ये ज्यो लिबरमन यांच्यासह कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारे विधेयक सिनेटमध्ये मतदानाला आणले. ते ४३ विरुद्ध ५५ मतांनी पडले, पण पाच वर्षांनी त्याच मॅकेन यांना पक्षाने अध्यक्षपदाची उमेदवारी दिली.

बदल झाला तो त्यानंतरच्या दोन वर्षांत. जून २००९ मध्ये प्रतिनिधिगृहात उत्सर्जन मर्यादेचे वॅक्समन-मार्की विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले तेव्हा आठ रिपब्लिकन सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला होता. आर्थिक मंदी, बँकांना दिलेली सरकारी मदत आणि ओबामांची आरोग्य योजना यांमुळे खवळलेली टी पार्टी चळवळ याच सुमारास उभी राहिली. केंद्र सरकारचा नवा हस्तक्षेप म्हणून तिने हवामान धोरणही आपल्या रागाच्या यादीत घातले.

या काळातील सर्वांत बोलका दाखला दक्षिण कॅरोलायनाच्या बॉब इंग्लिस यांचा. ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गचा हा मतदारसंघ कट्टर धार्मिक आणि रिपब्लिकन. गर्भपात, बंदुका, करकपात या प्रश्नांवर इंग्लिस यांची मते पक्षाला साजेशीच होती. नव्वदच्या दशकातील आपल्या पहिल्या सहा वर्षांत हवामान बदल हे थोतांड आहे असे आपण म्हणत होतो आणि त्याचे कारण एवढेच की अल गोर त्याविषयी बोलत होते, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. २००४ मध्ये ते पुन्हा उभे राहिले तेव्हा नुकताच मतदार झालेला त्यांचा मुलगा म्हणाला की मी मत तुम्हालाच देईन, पण पर्यावरणाबाबत तुम्ही सुधारले पाहिजे. पुढे विज्ञान समितीबरोबर ते अंटार्क्टिकाला गेले, बर्फाच्या थरांत कोंडलेल्या हवेची नोंद त्यांनी समजून घेतली आणि त्यांचे मत बदलले.

इंग्लिस यांनी वॅक्समन-मार्की विधेयकाला मात्र विरोध केला होता. त्याऐवजी त्यांनी स्वतःचे विधेयक मांडले : कार्बनवर कर लावा आणि तेवढ्याच रकमेने कामगारांच्या पगारावरील कर कमी करा. सरकारी तिजोरी वाढणार नाही, नियमांचे जंजाळ नाही. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, एवढेच. याहून परंपरानिष्ठ उपाय सुचवणे कठीण. तरीही जून २०१० च्या प्रायमरीच्या निर्णायक फेरीत दहापैकी सात मते त्यांचे प्रतिस्पर्धी ट्रे गाउडी यांना गेली. बँकांच्या मदतीला दिलेले मत, इराकमधील वाढीव फौजेला केलेला विरोध आणि ओबामांना भर सभागृहात खोटारडे म्हणणाऱ्या स्वपक्षीय सदस्याच्या निषेधाला दिलेली साथ, हीही त्यांच्या पराभवाची कारणे होती. पण सर्वांत मोठा अपराध हवामानाविषयीचाच ठरला, असे खुद्द इंग्लिस यांचे मत आहे.

त्याच वर्षी डेलावेअरमध्ये त्या आठांपैकी एक असलेले माइक कॅसल सिनेटची प्रायमरी हरले. मुख्य निवडणुकीत ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. त्या आठांतलेच इलिनॉयचे मार्क कर्क यांनी सिनेटसाठी उभे राहताच भूमिका बदलली, पुन्हा संधी आली तर विरोधात मत देईन असे सांगितले आणि ते निवडून आले. दक्षिण कॅरोलायनाचेच सिनेटर लिंडसे ग्रॅहम हवामान विधेयकावर डेमोक्रॅटिक सहकाऱ्यांबरोबर काम करत होते. चार्ल्सटन जिल्हा पक्षसमितीने २००९ मध्ये त्यांच्या निषेधाचा ठराव केला आणि २०१० मध्ये ते त्या प्रयत्नातून बाहेर पडले. ऑगस्ट २०११ मध्ये जॉन हंट्समन यांनी शास्त्रज्ञांवर आपला विश्वास असल्याचे जाहीर लिहिले. जानेवारीत ते शर्यतीबाहेर गेले. मिट रॉम्नी जून २०११ मध्ये तापमानवाढीत माणसाचा वाटा आहे असे म्हणत होते. ऑक्टोबरमध्ये कारण ठाऊक नाही असे म्हणू लागले. उमेदवारी त्यांना मिळाली. राजकारणी माणसाला यापेक्षा स्पष्ट धडा लागत नाही.

या मतदारांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. माझा सेवाकाळातील अनुभव मला तसे करू देत नाही. किनारपट्टीवरील एका जिल्ह्यात असताना चक्रीवादळाच्या इशाऱ्यानंतर गावे रिकामी करण्याचे काम माझ्याकडे होते. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, सगळे आकडे आमच्याकडे होते; गावकरी हलायला तयार नव्हते. आमच्या जीपवरच्या भोंग्यावर त्यांचा भरवसा नव्हता, कारण त्याच जीपमधून त्यांनी आजवर वसुली आणि अतिक्रमणाच्या नोटिसाच येताना पाहिल्या होत्या. अखेर गावातील एका म्हाताऱ्या कोळ्याने समुद्राकडे पाहून मान हलवली आणि तासाभरात गाव निघाले. त्याच्याकडे आमच्यापेक्षा जास्त माहिती नव्हती, पण तो त्यांचा होता. माणसे सांगितलेली गोष्ट तपासण्याआधी सांगणाऱ्याला तपासतात.

अमेरिकेतील परंपरानिष्ठ मतदारही तेच करतो. केंटकी वा वेस्ट व्हर्जिनियातील खाणगावाने कोळशाबरोबर आपली वस्ती ओस पडताना पाहिली. हवामानाची भाषा त्याच्या कानी आली ती किनाऱ्यावरच्या शहरांतून, त्याची टिंगल करणाऱ्यांच्या तोंडून आणि नवे कर, नवे नियम यांच्या सोबतीने. उमेदवाराने ‘हे खरे आहे’ म्हटले की तो विज्ञानाची बाजू घेतो आहे असे या मतदाराला वाटत नाही. तो त्या लोकांची बाजू घेतो आहे असे वाटते. म्हणून तापमानमापकावरचा आकडा हा निष्ठेचा प्रश्न होतो.

लाभ दिला की निष्ठा बदलते, हा समजही इथे खोटा ठरला. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेला मोठ्या करसवलती दिल्या. त्यातून आलेले बहुतेक कारखाने रिपब्लिकन मतदारसंघांत उभे राहिले. दोन वर्षांनी प्रतिनिधिगृहातील १८ रिपब्लिकन सदस्यांनी या सवलती सरसकट काढू नका, असे सभापतींना लिहून कळवले. २०२५ मध्ये त्या कापणारे विधेयक आले तेव्हा सभागृहात उरलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याच्या बाजूने मत दिले आणि ४ जुलैला त्याचा कायदा झाला. आपल्या भागातील रोजगार आणि पुढची प्रायमरी यांपैकी कशाला ते अधिक भितात, याचे उत्तर त्या मतदानात आहे.

मग अशा मतदाराने उमेदवाराला कसे तोलावे? परंपरानिष्ठ विचारातच त्याची साधने आहेत. समाज हा हयात, दिवंगत आणि अजून न जन्मलेल्या माणसांमधील भागीदारी आहे, ही कल्पना एडमंड बर्क यांची. वातावरणाशी माणूस धोकादायक प्रयोग करत असावा, असा इशारा १९८८ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी दिला. त्या शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ होत्या. या परंपरेत उभे राहून तीन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. हा उमेदवार वस्तुस्थिती मान्य करतो का? त्याचा उपाय मला पटतो का? आणि मतदार चिडल्यावरही तो खरे बोलेल का? दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे. इंग्लिस यांनी स्वतः वॅक्समन-मार्की नाकारलेच होते. घोटाळा होतो तो उपाय आवडत नाही म्हणून आजारच नाकारल्याने. मग त्या पक्षाकडे आजारावरचा स्वतःचा उपाय उरत नाही आणि मैदान प्रतिपक्षाला मोकळे मिळते.

पद्धतीचाही थोडा भाग आहे. अलास्काने २०२० मध्ये सार्वमताने पक्षनिहाय प्रायमरी बंद केली. आता सर्व उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले चार मुख्य निवडणुकीत जातात. हवामान बदल उघडपणे मान्य करणाऱ्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये पक्षाची प्रायमरी हरल्या होत्या आणि मतपत्रिकेवर नाव नसताना मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना निवडून दिले होते. २०२२ मध्ये नव्या पद्धतीखाली त्या पुन्हा विजयी झाल्या.

भारताने या साऱ्याची दखल घ्यावी, कारण किंमत आपणही मोजतो. चीन आणि भारताकडे बोट दाखवण्याची रीत हेली यांनी शोधलेली नाही. जुलै १९९७ मध्ये, क्योटो कराराच्या आधीच, विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार स्वीकारू नये असा ठराव अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी केला होता. त्यात दोन्ही पक्ष होते. सरासरी भारतीय माणसाचे कार्बन उत्सर्जन अमेरिकी माणसाच्या साधारण सातव्या हिश्शाइतके आहे, हे प्रायमरीच्या सभेत कोणी सांगत नाही. पॅरिस करारातून अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. हरित हवामान निधीला ओबामांनी तीन अब्ज डॉलर देऊ केले. पद सोडेपर्यंत एक अब्ज दिले गेले आणि ट्रम्प यांनी उरलेले थांबवले.

तेव्हा आपल्या धोरणकर्त्यांनी वॉशिंग्टनच्या शब्दाची मुदत चार वर्षे धरावी हे बरे. आपण स्वीकारलेले २०७० चे शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट त्या शब्दावर उभे राहू शकत नाही. ते आपल्याच शेतीच्या, किनाऱ्याच्या आणि कोळसा आयातीच्या हिशेबावर उभे राहिले पाहिजे. दुसरी गोष्ट त्याहून जवळची. हवामानाचा प्रश्न आपल्याकडे अजून पक्षाच्या झेंड्यात गुंडाळला गेलेला नाही. दिल्लीचा धूर किंवा हिमालयातील धरणे यांवरून तो कधीही गुंडाळला जाऊ शकतो. तो तसा होऊ न देणे ही सर्व पक्षांची जबाबदारी आहे.

पराभवानंतर इंग्लिस यांनी पक्ष सोडला नाही. २०१२ मध्ये त्यांनी परंपरानिष्ठ लोकांशी त्यांच्याच भाषेत हवामानाविषयी बोलणारी संस्था काढली. २०१५ मध्ये त्यांना केनेडी यांच्या नावाचा राजकीय धैर्याचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या पक्षाने त्यांचे म्हणणे अजून मान्य केलेले नाही. पण गाव हलवायचे तर गावातलाच कोळी लागतो, आणि तो किनाऱ्यावर टिकून राहावा लागतो.